सिकंदर साहेब : दोन्ही छावण्यांनी नाकारलेला सेनानी

वाचकहो, आज तुम्हांला अशा एका माणसाची ओळख करून द्यावयाची आहे की ज्याला कोणत्या रकान्यात बसवावे, हे त्याच्या हयातीत कोणालाच नीट ठरविता आले नाही. बाप स्कॉटलंडचा, आई राजपूत. जन्म कलकत्त्याचा. पहिली चाकरी शिंद्यांची, दुसरी इंग्रजांची. बोलणेचालणे हिंदुस्थानी, लिहिण्याची भाषा फार्सी. कागदोपत्री नाव जेम्स स्किनर; पण हाताखालच्या स्वारांच्या जिभेवर 'स्किनर' बसेना, म्हणून त्यांनी त्याचे 'सिकंदर' केले. पुढे सारी दिल्ली त्यांना सिकंदर साहेब म्हणूनच ओळखू लागली.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेला हे नाव बहुधा येणार नाही. पण तुम्ही 'असईची लढाई, १८०३' असे जे पाठ करता, त्याच युद्धाच्या उत्तरेकडील भागात या माणसाचे नशीब एका दिवसात उलटेपालटे झाले. ते कसे, हे समजून घेतले म्हणजे माणसाला जन्मावरून एका खान्यात टाकणे हा किती सोयीस्कर व्यवहार असतो, हेही आपोआप समजते.

जेम्सचा जन्म १७७८ चा. वडील हर्क्युलिस स्किनर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. आई एका राजपूत जमीनदाराची मुलगी. लढाईच्या धामधुमीत ती कोवळ्या वयात इंग्रज फौजेच्या हाती सापडली आणि पुढे हर्क्युलिसच्या घरात राहिली. त्यांना मुलगे व मुली झाल्या. आज आपल्याला ही गोष्ट चमत्कारिक वाटेल, परंतु त्या काळी कंपनीच्या अधिकाऱ्यांची अशी घरे गावोगाव होती. कंपनीला त्यात वावगे वाटत नसे, इतकेच नव्हे तर एके काळी कंपनीनेच त्याला उत्तेजन दिले होते. १६८७ मध्ये लंडनच्या संचालकांनी मद्रासला लिहून कळविले की, आपल्या शिपायांनी तेथील स्त्रियांशी लग्ने करावीत, आणि अशा जोडप्याला मूल होऊन त्याचा बाप्तिस्मा झाला की आईच्या हाती एक होन ठेवावा. शिपाई कमी पडत होते. येथेच जन्मलेली, येथील हवापाणी सोसणारी मुले पुढे कामास येतील, हा हिशेब होता.

तो हिशेब शंभर वर्षांत बदलला. एव्हाना कंपनीच्या नोकऱ्या किफायतीच्या झाल्या होत्या आणि विलायतेतील भागीदारांना त्या आपल्या मुला-पुतण्यांसाठी हव्या होत्या. १७८६ मध्ये हुकूम निघाला की कलकत्त्याच्या अनाथालयातील मिश्र रक्ताच्या मुलांना शिक्षणासाठी विलायतेस पाठवू नये. १७९१ मध्ये दुसरा हुकूम निघाला : ज्याची आई किंवा बाप हिंदुस्थानी आहे, त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी नोकरीत घ्यावयाचे नाही. १७९५ मध्ये तिसरा : आई आणि बाप दोघेही युरोपीय नसतील त्याला फौजेत जागा नाही, हवे तर त्याने ढोल वाजवावा, पावा वाजवावा, नाही तर नालबंद व्हावे. पहिला हुकूम निघाला तेव्हा जेम्स आठ वर्षांचा होता, दुसऱ्या वेळी तेरा आणि तिसऱ्या वेळी सतरा. म्हणजे त्याच्या वाढीबरोबर एकेक दरवाजा बंद होत गेला, असे म्हटले तरी चालेल.

या मधल्या काळात घरात एक भयंकर गोष्ट घडली. पालकांच्या हाती जाणाऱ्या या अंकात ती लिहिताना लेखणी थोडी अडखळते, परंतु ती वगळली तर या माणसाची निम्मी कहाणी हरवेल. वडिलांनी मुलींना शाळेत घालावयाचे ठरविले. आईच्या दृष्टीने मुलींनी पडद्याबाहेर जाणे म्हणजे राजपूत कुळाची अब्रू जाणे होते. तिने परोपरीने विरोध केला, तो चालला नाही, आणि १७९० मध्ये तिने स्वतःचा अंत करून घेतला. जेम्स तेव्हा बारा वर्षांचा होता. वडील त्या वेळी फारसे पैसेवाले नव्हते, म्हणून मुलगे धर्मादाय शाळेत गेले. पुढे वडिलांना बढती मिळाल्यावर त्यांना चांगल्या निवासी शाळेत घातले गेले. या प्रसंगात दोष कोणाचा, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. एवढेच दिसते की एका घरात दोन समाजांच्या दोन प्रकारच्या अब्रू राहत होत्या, आणि त्या एकमेकींशी कधी बोलल्याच नाहीत.

शाळा संपल्यावर वडिलांनी मुलाला कलकत्त्याच्या एका छापखान्यात उमेदवारीस बांधून दिले. तिसऱ्या दिवशी जेम्स भिंत ओलांडून पळाला. खिशात चार रुपये होते. ते संपल्यावर बाजारात ओझी वाहा, मिळेल ते काम कर, असे काही दिवस काढले. शेवटी बहिणीच्या घरच्या एका नोकराने त्याला ओळखले आणि धरून नेले. मेहुण्याने त्याला कायद्याच्या कागदांच्या नकला करण्यास बसविले. ज्या मुलाला शिपाई व्हावयाचे होते त्याच्या हातात हे बोरू आले! अखेर त्याचे धर्मपिता कर्नल बर्न कलकत्त्यास आले, त्यांना मुलाचा कल कळला, आणि त्यांनीच मार्ग काढला. कंपनीची फौज बंद आहे ना, मग मराठ्यांची तर उघडी आहे. चिठ्ठी देऊन त्यांनी जेम्सला उत्तरेस पाठविले.

येथे थोडे थांबून मराठ्यांच्या त्या फौजेविषयी सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरच्या इतिहासातले हे पान आपण भरभर उलटतो. महादजी शिंद्यांनी द ब्वान या युरोपीय सेनापतीकडून उत्तर हिंदुस्थानात कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या. महादजी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीस वारले व गादी दौलतराव शिंद्यांकडे आली. पण पलटणी तशाच होत्या आणि त्यांचे ठाणे अलीगढजवळ कोयल येथे होते. या पलटणींत फ्रेंच होते, इंग्रज होते, आणि स्किनरसारखे दोन्हीकडचे रक्त असलेले तरुणही होते. शिपाई रोहिले, राजपूत, पूरबी, सर्व प्रकारचे. तेथे विचारला जाणारा प्रश्न रक्ताचा नव्हता. कवायत येते काय आणि तोफेपुढे उभा राहतोस काय, हा होता. कोयलला जेम्सला सर्वांत खालच्या अधिकाऱ्याची जागा मिळाली, दरमहा १५० रुपये पगारावर. तो सतरा-अठरा वर्षांचा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या आईविषयी कोणी चौकशी केली नव्हती.

पुढची सात-आठ वर्षे त्यांनी शिंद्यांच्या निशाणाखाली काढली. लखबादादा लाडांच्या हुकमतीखाली मालपुऱ्याला राजपुतांच्या प्रसिद्ध घोडदळाचा हल्ला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. भाला, तलवार, घोडा, सर्व मराठी पद्धतीने शिकले. शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे व हत्यारे घेऊन येणारा स्वार आणि बारगीर म्हणजे ज्याला घोडे सरकारातून मिळते तो, हा आपल्याकडचा जुना भेद त्यांनी तेथेच जाणला, आणि पुढे त्यांनी जे घोडदळ उभारले ते याच शिलेदारी रीतीवर.

इ. स. १८०० मध्ये उनियारा येथे जे घडले ते मात्र सविस्तर सांगावयास हवे. करौलीच्या राजाने भाड्याने घेतलेल्या पलटणीचे नेतृत्व स्किनर करीत होते. ऐन वेळी राजाची माणसे शत्रूला मिळाली. पलटण कापली गेली आणि स्किनर गोळी लागून रणात पडले. एक रात्र गेली, दिवस गेला, दुसरी रात्र आली. भोवती मेलेले आणि मरणारे, कोल्ह्यांचा वावर, आणि तहान. तेव्हा एक म्हातारा व एक बाई, दोघे चांभार समाजाचे, भाकरीची टोपली व पाण्याचे मडके घेऊन जखमींतून हिंडू लागले. प्रत्येकाला एक तुकडा आणि घोटभर पाणी. स्किनर यांनी ते घेतले. शेजारीच त्यांच्या पलटणीतला एक राजपूत सुभेदार पाय तुटून पडला होता. त्याला भाकरी-पाणी देऊ केले तर त्याने मान फिरविली. दोन-चार घटकांचे आयुष्य उरले आहे, एवढ्यासाठी आपण आपला धर्म सोडणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले.

वाचकहो, मरणाच्या दारात पडलेला माणूससुद्धा समोरच्याचा खाना आधी पाहतो आणि मग पाणी, हे दृश्य स्किनर कधी विसरले नाहीत. त्यांची आई राजपूत होती हे ध्यानात घेतले तर त्या सुभेदाराची भाषा त्यांना परकी नव्हती. अशाच अब्रूपायी आईचा जीव गेल्याचे त्यांनी लहानपणी पाहिले होते. ते वाचले, बरे झाले, आणि त्यांनी त्या बाईला हजार रुपये पाठवून तिला आपली आई म्हणून निरोप दिला. त्याच रणात त्यांनी एक नवसही केला होता : जगलो तर एक चर्च बांधीन. त्याकडे पुढे येऊ.

आता १८०३ साल. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. दक्षिणेत आर्थर वेलस्ली, उत्तरेत लॉर्ड लेक. गव्हर्नर-जनरलने जाहीरनामा काढला की मराठ्यांच्या चाकरीत असलेल्या इंग्रजांनी आणि त्यांच्या मिश्र संततीने चाकरी सोडून आमच्याकडे यावे, त्यांच्या पोटापाण्याची सोय होईल. पाहा, बारा वर्षांपूर्वी ज्यांना नेटिव्हाची पोरे म्हणून दाराबाहेर काढले, ती आता एकाएकी आपली झाली! शिंद्यांचा सेनापती तेव्हा पेराँ नावाचा फ्रेंच होता. त्याने ओळखले की आता ही माणसे भरवशाची नाहीत, आणि सरसकट सर्वांना बडतर्फ केले. स्किनर यांना जावयाचे नव्हते. शिंद्यांचे मीठ खाल्ले आहे, मी येथेच लढेन, असे ते पेराँला विनवीत राहिले. पेराँने ऐकले नाही. बाप इंग्रजांकडचा, एवढा एक पुरावा त्याला पुरेसा होता.

पेराँला सर्वस्वी दोष देणे बरोबर नाही. युद्धात संशय हा सेनापतीचा धर्मच असतो, आणि काही अधिकारी जाहीरनाम्यावर खरोखरच निघून गेले होते. परंतु पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्यांच्या रक्ताची पारख करणारा हा पेराँ थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १८०३ मध्ये, आपली संपत्ती घेऊन सुखरूप जाऊ द्यावे म्हणून लॉर्ड लेककडे गेला आणि इंग्रजांच्या हद्दीतून निघूनही गेला. ज्याला बेइमान ठरविले तो रडत छावणीबाहेर पडला, आणि ज्याने ठरविले त्याने स्वतःच छावणी सोडली. दुसऱ्या दरबारातला प्रकार तर याहून कठोर आहे. यशवंतराव होळकरांकडे विकर्स, टॉड आणि रायन हे अधिकारी होते. त्यांतला विकर्स हा स्किनरसारखाच मिश्र वंशाचा. इंग्रजांशी संधान असल्याच्या संशयावरून १८०४ मध्ये तिघांचीही मुंडकी उडविली गेली. म्हणजे स्किनर यांची नुसती नोकरी गेली, हे त्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

लॉर्ड लेकने ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला घेतला आणि ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई जिंकली. त्यानंतर शिंद्यांकडचे सुमारे दोन हजार स्वार इंग्रजांना येऊन मिळाले. तुमचा सरदार कोण हवा, असे त्यांना विचारले तेव्हा त्यांनी एकमुखाने सिकंदर साहेबांचे नाव घेतले. स्किनर यांनी ते पद पत्करले, पण एक अट घालून : आपल्याला आपल्या जुन्या धन्यावर, शिंद्यांवर, चालून जावयास सांगू नये. लेकने ती मान्य केली.

असे ते दल जन्मास आले. पिवळे अंगरखे घालणारे हे घोडदळ 'स्किनर्स हॉर्स' म्हणून प्रसिद्धीस आले. त्यात हरियाण्याकडील रांघड म्हणजे मुसलमान राजपूत आणि इतर हिंदुस्थानी मुसलमान यांचा मोठा भरणा होता. भारतीय सैन्यात ही पलटण आजही आहे. घोड्यांच्या जागी रणगाडे आले, नाव तेच राहिले.

पण १७९५ च्या हुकमाचे काय? कंपनीच्या फौजेत ज्याला ढोल वाजविण्यापलीकडे जागा नव्हती, तो दोन हजार स्वारांचा सरदार कसा? उत्तर सोपे आहे. कंपनीने या दलाला नियमित फौजेत धरलेच नाही. ते 'अनियमित' घोडदळ. नियमही मोडला नाही आणि कामही झाले! व्यवहारात पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार किलकिले ठेवण्याची ही पद्धत फार जुनी आहे. मात्र मागच्या दाराने आलेल्याला मागच्या दारानेच घालविताही येते. युद्ध संपले, कंपनीने काटकसर आरंभिली, आणि दलाची कापाकापी झाली. लेकने स्किनर यांना जहागीर दिली होती. तीवर सरकारी हरकत निघाली की हे गृहस्थ ब्रिटिश प्रजाजन आहेत आणि ब्रिटिश प्रजाजनाला येथे जमीन धारण करता येत नाही; त्यांनी पेन्शन घ्यावे.

हे पुन्हा एकदा वाचा. सनद मागितली की ते नेटिव्ह आईचे, जमीन मिळाली की ते ब्रिटिश बापाचे. माणूस एकच, सरकार एकच, फाइलसुद्धा कदाचित एकाच कपाटातली.

पुढे गरज लागली तेव्हा दल पुन्हा वाढले. नेपाळच्या आणि पेंढाऱ्यांच्या मोहिमांच्या काळात ते तीन हजारांवर गेले, आणि जहागिरीचा प्रश्नही अखेर सुटून अलीगढकडील जमीन त्यांच्याकडे कायम झाली. हुद्द्याचा प्रश्न मात्र चिघळत राहिला. त्यांना लेफ्टनंट कर्नल म्हणत, पण तो हुद्दा त्यांच्या स्वतःच्या अनियमित दलापुरता. विलायतेहून कालपरवा आलेला तरुण गोरा अधिकारी, ज्याला धड हिंदुस्थानी बोलता येत नाही, तो नियमाने त्यांच्यावर हुकूम चालवू शके. स्किनर यांनी अर्ज केले, आश्वासने मिळविली, ती मोडलेली पाहिली, पुन्हा अर्ज केले. जानेवारी १८२६ मध्ये भरतपूरचा किल्ला पडला. त्या वेढ्यातील कामगिरीनंतर राजाची सनद, खराखुरा लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा आणि 'कंपॅनियन ऑफ द बाथ' हा किताब त्यांना मिळाला. तेव्हा वय पन्नाशीला टेकले होते.

स्किनर यांना तलवार होती, म्हणून मागचे दार तरी उघडले. ज्यांना ती नव्हती त्यांचे काय? कलकत्त्यात अशा हजारो कुटुंबांतील शिकलेले तरुण कारकुनी करीत होते. एक विचित्र पेच असा की कलकत्त्याच्या हद्दीत त्यांना इंग्रजी कायदा लागू, पण हद्द ओलांडून मुफसलात गेले की ते 'नेटिव्ह', आणि तेथे कंपनीच्या न्यायालयांत इस्लामी फौजदारी कायद्यावर आधारलेली पद्धत चालत असे. हिंदूंना वारसा-विवाहासाठी शास्त्र होते, मुसलमानांना शरीअत होती. या लोकांना त्या बाबतीत कोणताच कायदा आपला म्हणता येत नव्हता. जॉन रिकेट्स नावाचे गृहस्थ त्यांचा अर्ज घेऊन लंडनला गेले आणि १८३० मध्ये तो पार्लमेंटपुढे आला. हिंदू कॉलेजातील तरुण शिक्षक हेन्री डेरोझिओ हेही या चळवळीत होते. ते १८३१ मध्ये अवघ्या बावीस वर्षांचे असताना वारले. १८३३ च्या सनदी कायद्यात शेवटी लिहिले गेले की धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग यांमुळे कोणालाही कंपनीची नोकरी नाकारली जाणार नाही. ते कागदावर आले, एवढे खरे.

या लोकांना म्हणावयाचे काय, हाही एक प्रश्नच होता. हाफ-कास्ट हा शब्द शिवीसारखा. युरेशियन त्यांना आवडत नसे. रिकेट्स आणि मंडळींनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले. (आपल्याकडे मुंबई-वसईचे मराठी बोलणारे ख्रिस्ती बांधव स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवितात, ते वेगळे. ते याच मातीतले. नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळूरकडून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्यांनी १८८७ मध्ये ते नाव धारण केले. नावाचा कपडा एकच, अंगे दोन!) अँग्लो-इंडियन हा शब्द पूर्वी हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या इंग्रजांसाठी वापरीत, १९११ च्या शिरगणतीच्या वेळी तो मिश्र वंशीयांना अधिकृतपणे मिळाला. आपल्या राज्यघटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदात त्याची व्याख्या आहे, आणि ती पित्याच्या बाजूने चालते : ज्याचा बाप किंवा बापाकडील कोणी पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा, तो अँग्लो-इंडियन. आई इंग्रज आणि बाप हिंदुस्थानी असेल, तर त्यांचे मूल या व्याख्येत बसत नाही. १७९१ चा हुकूम माणसाला बाहेर ठेवण्यासाठी होता. तेव्हा एक हिंदुस्थानी आई पुरली. ही व्याख्या संरक्षण देण्यासाठी होती. तेव्हा बाप पाहिला गेला. लोकसभेत या समाजाचे दोन सदस्य नेमण्याची जी तरतूद होती ती जानेवारी २०२० मध्ये संपली. व्याख्या घटनेत आहेच.

आम्हां शिक्षकांचा असल्या रकान्यांशी नित्याचा संबंध. प्रवेश-अर्जावर आई एका समाजाची आणि वडील दुसऱ्या, असे दिसले तर जनरल रजिस्टरात वडिलांकडचे उतरवून घेतले जाते. कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगत नाही. मूल मात्र दोन्ही आज्यांच्या घरी सुट्टीला जाऊन आलेले असते.

स्किनर यांना सुधारक ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. त्यांनी जातिभेदावर व्याख्याने दिली नाहीत, कंपनीचे राज्य वाढविण्यास मदतच केली, आणि घरात त्या काळच्या उमरावाप्रमाणे एकाहून अधिक बायका ठेवल्या. पण गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : ज्याला आयुष्यभर इतरांनी वर्गवारीत घातले, त्यानेच हिंदुस्थानातील लोकांच्या वर्गवारीचा एक मोठा ग्रंथ लिहिला. 'तश्रीह-उल-अक्वाम' हे त्याचे नाव, भाषा फार्सी, हांसी येथे १८२५ मध्ये पूर्ण झाला. त्यात जाती, पंथ आणि धंदे यांची उत्पत्ती व रीतिभाती दिल्या आहेत आणि शंभरावर रंगीत चित्रे आहेत : साधू, फकीर, कारागीर, व्यापारी. त्याची एक प्रत सर जॉन माल्कम यांना भेट गेली, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. १८३० मध्ये राजघराण्यांविषयी 'तझ्किरत-उल-उमरा' हा दुसरा ग्रंथ झाला. आपली आठवणींची बखरही त्यांनी फार्सीतच लिहिली. तिचे इंग्रजी रूप ते वारल्यानंतर १८५१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या लोकांनी त्यांना पुरते इंग्रज मानले नाही त्यांच्या भाषेत ते स्वतःही कधी पुरते मोकळे झाले नाहीत.

दिल्लीचे चित्रकार गुलाम अली खान यांनी १८२७ मध्ये हांसीच्या दरबाराचे चित्र काढले आहे. पिवळे अंगरखे घातलेले स्वार ओळीने बसले आहेत, आणि मध्ये कर्नल साहेब. मोगल बादशहाकडून त्यांना नासिर-उद्-दौला, बहादुर, गालिब जंग असे किताब मिळाले होते. येथे तरी त्यांच्या जागेविषयी कोणाला शंका दिसत नाही.

उनियाऱ्याचा नवस त्यांनी फेडला. दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ स्वतःच्या पैशांतून त्यांनी सेंट जेम्स चर्च बांधविले. १८२६ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १८३६ मध्ये बिशप विल्सन यांच्या हस्ते ते अर्पण झाले. त्याच प्रसंगी साठीजवळ आलेल्या स्किनर यांनी मुलांसह गुडघे टेकून ख्रिस्ती धर्मदीक्षेचा शेवटचा संस्कार घेतला. त्यांनी मशीद व मंदिरही बांधले, अशी कथा दिल्लीत सांगतात. ती कथा म्हणून ऐकावी; पण लोकांना ती रचाविशी वाटली, यालाही काही अर्थ आहे.

४ डिसेंबर १८४१ रोजी हांसी येथे ते वारले. प्रथम तेथेच त्यांचे दफन झाले, परंतु आपल्याला आपल्या चर्चमध्ये ठेवावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून जानेवारी १८४२ मध्ये शवपेटी बाहेर काढून दिल्लीस नेण्यात आली. हांसीपासून दिल्लीपर्यंत त्यांची पलटण पेटीबरोबर चालली. शहराजवळ लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, आणि मोगल बादशहांपैकीही कोणी एवढ्या इतमामाने दिल्लीत आणला गेला नव्हता, असे पाहणारे म्हणाले. चर्चच्या आत, वेदीजवळ त्यांना ठेवले.